डॉमिनोजची २००९ ची माफी: उशीर झाला का?

एप्रिल २००९, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉनोव्हरचं डॉमिनोज. दोन कर्मचाऱ्यांनी चीज नाकात घालून तेच सँडविचवर टाकतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलेला, आठवतंय का कुणाला? कंपनीने जे केलं ते बरोबर होतं का? मला तर उशीरच वाटतो.

> उशीर म्हणजे दोनेक दिवस. आधी वाटलं असणार गप्प बसलो की विषय विरेल, पण तोवर दहा लाखांच्या आसपास लोकांनी बघून झालेलं. मग त्यांचे अमेरिकेतले प्रेसिडेंट पॅट्रिक डॉयल यांनी यूट्यूबवरच माफीचा व्हिडिओ टाकला. जिथे आग तिथेच पाणी, हे पटलं बुवा.

> पटलं काय! ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, बाजूला लिहिलेलं वाचतायत हे सरळ दिसतं.

> वाचू देत की, मुद्द्याचं तर बोलले ना. दोघांना काढलं, पोलीस केस झाली, दुकान बंद करून सगळं धुऊन काढलं. ती दोघं म्हणत होती मस्करी होती, ते खाणं कुणाला दिलंच नाही. आता गिऱ्हाइकाने यावर विश्वास ठेवायचा कसा?

> ट्विटरवर पण तेव्हाच आले डॉमिनोजवाले, लोकांना उत्तरं द्यायला. आधी नव्हतेच 😄