समुद्रकाठचं लग्न आणि आपले वऱ्हाडी : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

तुळशीचं लग्न झालं की घरात पत्रिकांची चळत लागते. त्यात आता गोवा, अंदमान, फुकेत, बाली अशी ठिकाणं दिसायला लागलीत. ठिकाण ठरवतात पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं, आणि जायचं असतं कोरेगावच्या आत्याला, तासगावच्या तात्यांना, जावळीतल्या मामींना. पत्रिकेत रिसॉर्टचं नाव असतं, पण सोबत काय घ्यावं, अंगावर काय घालावं, कुठली गोळी कुठल्या पिशवीत ठेवावी हे कुणी सांगत नाही. मला ही काळजी मनापासून वाटते, कारण आमच्या घरातून सत्तरीच्या पुढची माणसं अशा लग्नांना जाऊन आलीत. नीट सांगितलं असेल तर ती मजेत राहतात, नसेल तर खोलीत पडून राहतात. म्हणून स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहावं. हॉटेलचं वर्णन नको, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल ते हवं. ज्यांनी लिहिलं त्यांचे अनुभव गावाच्या नावाखाली दिलेत.

आटपाडी

आमच्याकडे चाळीस अंशांत माणसं रानात भांगलण करतात, त्यामुळे गोव्याचे तेहतीस अंश ऐकून घरात कुणाच्या कपाळावर आठी आली नाही. पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो, वाऱ्यावर वाळतो आणि अंग गार होतं. समुद्रकाठी हवाच पाण्यानं भरलेली, घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. मे महिन्यात भर दुपारचा मुहूर्त होता, वाळूवर मांडव आणि पंखे दोनच. आमच्या अण्णांना गरगरायला लागलं. वहिनी दवाखान्यात काम करते. तिनं त्यांना सावलीत निजवलं, पाय उंच ठेवले, मानेला आणि काखेला ओला पंचा लावला, शुद्धीवर आहेत हे पाहून घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासात माणूस उठून बसला.

तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय, ओआरएसच्या पुड्या प्रत्येकाच्या पिशवीत. ज्यांना रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, कारण घामानं पाणी जातं आणि गोळीनंही जातं. मिठाचं पाणीही त्यांनी विचारूनच घ्यावं. फेटा मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी बांधायचा, सकाळपासून नाही. कुणी बडबडायला लागलं, भान हरपलं, अंग तापून लाल झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

कराड

आटपाडीकरांच्या लिहिण्यात साडीची भर घालते. पैठणी संध्याकाळच्या एसी हॉलसाठी ठेवा. दिवसा सुती इरकल किंवा नारायणपेठ नेसा, काठ-पदर आहे, मान राखला जातो आणि अंगाला वारा लागतो. वाळूवर टाचांच्या चपला रुततात, सपाट कोल्हापुरी बरी. मात्र भर दुपारी अनवाणी उभं राहायची वेळ आली तर वाळू पाय भाजते. यजमानांना आधीच सांगून सतरंज्या अंथरून घ्या.

मिरज

गोव्याचं लग्न असेल तर पहिला प्रश्न विचारा, उत्तरेत की दक्षिणेत? विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि २०२३ साली सुरू झालेला मोपा. मोपा पार उत्तरेला, पेडण्यात. लग्न दक्षिण टोकाला काणकोणात असेल आणि तिकीट मोपाचं काढलं, तर पुढे गाडीनं जवळजवळ शंभर किलोमीटर जायचं. आपल्याला खरी सोय रेल्वेची. गोवा एक्स्प्रेस सातारा, सांगली, मिरज करत मडगाव आणि वास्कोला जाते. दक्षिण गोव्याला मडगाव सोयीचं. म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ मिळेल असं लवकर आरक्षण करा. रस्त्यानं जाणाऱ्यांनी आंबोली घाट उजेडात उतरावा, पाऊस आणि धुक्यात तिथं पुढचं वळण दिसत नाही.

आणखी एक. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, हा नियम देशभर आहे. संगीताला नऊच्या पुढे पोचलात तर बरंचसं हुकेल.

सांगली, गावभाग

हे पोहणाऱ्यांसाठी लिहितोय आणि कळकळीनं लिहितोय. आमची पोरं सरकारी घाटावर पोहायला शिकली, पुराच्या पाण्यातही कुणाला ऐकत नाहीत. त्यांना वाटतं समुद्रही तसाच. नदी एका दिशेला वाहते, तिचा अंदाज येतो. समुद्रात लाट किनाऱ्याकडे येते आणि तेच पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं परत आत जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो, म्हणून माणूस नेमका तिथंच उतरतो. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झटायचं नाही, दमछाक होऊन माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाजूला व्हायचं, ओढ संपली की मग तिरकं काठाकडे यायचं. जमत नसेल तर नुसतं तरंगत राहून हात वर करायचा.

लाल झेंडा असेल तिथं पाय ओला करण्यापलीकडे जाऊ नका. अंधार पडल्यावर जीवरक्षक नसतात. आणि हळदीच्या रात्री दोन घोट घेतलेल्या माणसाला पाण्याकडे जाऊ द्यायचं नाही, तो मेहुणा असो नाहीतर थोरला भाऊ. आमच्या वऱ्हाडात दोघांना हेच काम दिलं होतं, आणि त्यांनी ते केलं.

वाई

बालीचं लग्न, तेही जानेवारीत. आपल्याकडे तेव्हा कोरडी थंडी, तिकडे भर पावसाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च तिथं पाऊस असतो, म्हणजे आपला लग्नाचा हंगाम आणि त्यांचा पाऊस एकाच वेळी. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा. सुती कपडा खोलीत वाळत नाही, एक जोड जास्त घ्या.

कागदपत्रांचं : पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी. तिथं उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याचे ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), शिवाय २०२४ पासून पर्यटकांसाठी दीड लाख रुपियांचं शुल्क आहे. आकडे ऐकून घाबरू नका, आपल्या पैशात दोन्ही मिळून साडेतीन-चार हजारांच्या आसपास जातं. दोन्ही आधी ऑनलाइन भरता येतं. हे नियम बदलतात, तिकीट काढताना सरकारी संकेतस्थळ बघा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्या बायकांचं माहेरचं-सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगळं असतं, हा घोळ दोन महिने आधी निस्तरावा लागतो.

बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. मधुमेहाची गोळी कुठल्या वेळेनुसार घ्यायची हे घरूनच लिहून न्या.

तासगाव

ओटीचं सामान विमानात न्यायचं आहे? सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही, ना हातातल्या पिशवीत ना मोठ्या बॅगेत. कापूर आणि काडेपेटीही नाही. होमाचं साहित्य यजमानांनी तिथंच घ्यावं.

दुसरं, आपला कांदा-लसूण मसाला. त्यात खसखस असते आणि सिंगापूर, दुबईला खसखशीवर बंदी आहे. त्या मार्गानं जाणार असाल तर मसाला नेऊच नका. ताजी पानं, आंब्याचे डहाळे, फळंही परदेशात अडवतात. आम्ही भेट म्हणून बेदाणे नेले, कंपनीचं सीलबंद पाकीट, कुणी हरकत घेतली नाही.

सातारा, शाहूपुरी

आमचे आबा माळकरी. थायलंडला न्यायचं म्हटल्यावर सगळ्यांनी नको म्हटलं, पण नातीचं लग्न, ते म्हणाले, "मी येणार बघा." तिथं भाजीच्या डिशमध्येही माशाचा सॉस घालतात, पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. पूर्ण शाकाहारी जेवणाला तिकडे 'जे' म्हणतात, ते त्यांच्या लिपीत लिहून घेतलं आणि आबांच्या खिशात चिठ्ठी दिली. यजमानांशी महिनाभर आधी बोलून ठेवलं होतं, त्यामुळे मांडवात त्यांचं ताट वेगळं आलं. प्रवासासाठी दशम्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट. मऊ भात कुठंही मिळतो, मेतकूट असलं की त्यांचं जेवण झालं.

फलटण

थोडक्यात. इन्सुलिन आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. मोठी बॅग हरवली तरी औषध सोबत राहतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे डासांचं मलम सकाळीच लावा. परदेशी जाताना प्रवास विमा वयस्कांसाठी घ्याच, आणि जुना आजार त्यात धरलाय का ते वाचा.

विटा

आमचं घर गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातलं, सोन्याबद्दल चार शब्द लिहायला हवेत. परदेशी लग्नाला घरचे दागिने नेणार असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून त्याचा दाखला करून घ्या. मग परत येताना हे सोनं इथलंच आहे हे सांगायला कागद असतो. सोनाराच्या पावत्या, वजन आणि फोटो सोबत ठेवा, विमानतळावर दोन तास जास्त धरून जा. खरं तर वऱ्हाडी बायकांनी मंगळसूत्र आणि बांगड्यांवर जावं, बाकी एक ग्रॅमचं चालतं. मानपान सोन्याच्या वजनावर अडू नये असं मला वाटतं.

आहेराचंही बघा. रोख भारतीय नोटा माणशी २५ हजारांपर्यंतच बाहेर नेता येतात आणि आणतानाही तीच मर्यादा. पन्नास पाकिटं नवरीच्या आईच्या हातात पडली तर ती परतताना अडचणीत येते. आहेर इथंच, घरच्या पूजेला द्या. आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनीही त्या पूजेलाच यावं. कर्ज काढून फुकेतला येणाऱ्या मामापेक्षा विट्यात जेवायला येणारा मामा मुलीला हवा असतो, हे तिच्या आईवडिलांनी आधीच बोलून दाखवावं.

कोरेगाव

अंदमानला लग्न होतं, डिसेंबरात, गोरज मुहूर्त. आपल्या हिशोबानं सहाची वेळ धरून बायका आवरत बसल्या असत्या, पण तिकडे घड्याळ आपलंच आणि सूर्य मात्र पाचच्या सुमारास मावळतो. गुरुजींनी मुहूर्त तिथल्या सूर्यास्तावरून काढला होता आणि यजमानांनी प्रत्येक खोलीत वेळ लिहून ठेवली होती. चारलाच सगळे तयार. पहाटही लवकर होते, पाचच्या आसपास फटफटतं, वयस्कांनी फिरायला तेव्हाच जावं.

स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, बोटीनं जावं लागतं. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा. बोट लागण्याची गोळी चढण्याआधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मोबाईलची रेंज येते-जाते, थोडी रोकड जवळ असू द्या. आणि मुलांना किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ उचलू देऊ नका. तिथं ते गुन्ह्यात मोडतं आणि परतताना विमानतळावर बॅगा तपासतात.