गोव्यातून मंगळाचं भूविज्ञान
मेजर भौतिकशास्त्र आणि मायनर ग्रहांचं भूविज्ञान, तर गोव्यात राहून मंगळाच्या अभ्यासाची सुरुवात कुठून करायची, असं एका विद्यार्थ्याने विचारलंय. आधी खनिजशास्त्र आणि शिलाशास्त्र पक्कं करा. मंगळावर बराचसा बेसाल्टच आहे, आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, आहे. सड्यावरचा जांभा नको, व्हाळातला (ओढ्यातला) ताजा दगड घ्या आणि त्याचा ०.०३ मिमी जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिका.

मग क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं आणि मोजायचं मोफत सॉफ्टवेअर. घोळ होतो तो इथेच: प्रकल्पाचा लंबगोल (मोजमापासाठी धरलेला ग्रहाचा आकार) पृथ्वीचाच राहिला, तर मंगळावरची अंतरं जवळपास १.९ पट आणि क्षेत्रफळं साडेतीन पट येतात. मंगळाची विषुववृत्तीय त्रिज्या ३३९६ किमी, आपली ६३७८. पृष्ठभागाचं वय काढायला त्यावरची आघात-विवरं मोजतात; ती मोजताना चित्रात दहा पिक्सेलांहून लहान दिसणारी सोडा. साखळीत किंवा झुबक्यात दिसणारी दुय्यम विवरंही (मोठ्या आघातातून उडालेले दगड पडून झालेली) वगळा, नाहीतर पृष्ठभाग आहे त्याहून जुना ठरेल.