प्रतिसाद: /२९ मधला दुसरा पत्ता बाहेरून लागत नाही

तुमचा प्रश्न असा: पर्वरीच्या ऑफिसात राउटरचा पब्लिक आयपी पत्ता चालतो, पण टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सर्व्हरला दिलेला दुसरा बाहेरून लागत नाही. मग फायरवॉलच्या आधी एआरपी बघा, म्हणजे कुठला आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे नेटवर्कवर विचारून शोधायची पद्धत. समजा प्रोव्हायडरने दिलेला ब्लॉक २०३.०.११३.८/२९ आहे, म्हणजे .८ ते .१५ असे सलग आठ पत्ते. आठांतले .८ आणि .१५ वापरता येत नाहीत, .९ प्रोव्हायडरचा गेटवे. तुमच्या हाती उरतात .१० ते .१४; त्यातला .११ टॅलीला दिलाय असं धरू.

आता राउटरच्या वॅनवर (इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टवर) टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावा आणि मोबाइल डेटावरून .११ ला पिंग करा. ऑफिसच्या वायफायवरून नको, हेअरपिन नॅट (आतूनच स्वतःच्या पब्लिक पत्त्यावर जाण्याची सोय) नसेल तर उगाच चकवा बसेल. ‘.११ कोणाकडे?’ अशी एआरपी विचारणा दिसली आणि उत्तर जात नसेल, तर नुसता डीनॅट नियम (पब्लिक पत्त्यावर आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवणारा) पुरत नाही; .११ वॅनवर जादा पत्ता म्हणून जोडा. थेट पिंगचीच पाकिटं आली तर एआरपी ठीक आहे, मग डीनॅट आणि फायरवॉलचे नियम तपासा. काहीच येत नसेल तर प्रोव्हायडरला फोन करा. राउटर नुकताच बदलला असेल तर त्यांच्याकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख-क्रमांक) अडकलेला असतो, सिस्कोच्या राउटरवर डिफॉल्टने चार तास. ग्रॅच्युइटस एआरपी (कोणी न विचारता केलेली ‘.११ माझ्याकडे’ अशी घोषणा) पाठवलात तर बहुतेक वेळा लगेच सुटतं.

आणि टॅलीचं पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका, व्हीपीएन लावा.