गोवराची लस तीच, फ्लूची दरवर्षी नवी: असे का?

जाईजुई:
गोवराच्या बहुतेक लशींतील विषाणू १९५४ साली एका आजारी मुलाकडून मिळालेल्या नमुन्यापासून तयार केलेला आहे आणि आजही तोच चालतो. फ्लूची लस मात्र दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. दोन्ही विषाणूंचा जनुकसंच आरएनएचा आहे आणि नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय दोघांकडेही नाही, असे वाचले. मग बदलतो तो फ्लूच, हे कसे? गोवराचा विषाणू अधिक काटेकोर नक्कल करतो, असे समजायचे का?

सूक्ष्मदर्शी:
तसे नाही. चुकांचे प्रमाण दोघांतही ढोबळमानाने दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक असे आहे. फ्लूचा जनुकसंच साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा आणि गोवराचा सुमारे सोळा हजारांचा असल्यामुळे, एका बाधित पेशीतून बाहेर पडणाऱ्या कणांपैकी बरेच कण मूळ विषाणूहून कुठे ना कुठे वेगळे असतात. त्यांतले पुष्कळ निकामी ठरतात. उरलेल्यांत कोणता बदल टिकेल, हे ज्या प्रथिनावर तो बदल झाला त्याच्या घडणीवर अवलंबून असते.

फ्लूच्या विषाणूवरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन श्वसनमार्गातील पेशींवरच्या सियालिक आम्लाला चिकटते. मग पेशी त्या कणाला एका पिशवीत आत ओढून घेते, पिशवीतील आम्लता वाढताच हेच प्रथिन आपला आकार पालटून विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी जोडते आणि आतले आरएनए पेशीत मोकळे होते. चिकटण्याची खोबण फारशी बदलत नाही, कारण ती बिघडली तर विषाणूला पेशीत शिरताच येणार नाही. परंतु आपली प्रतिपिंडे मुख्यतः त्या खोबणीभोवतीच्या वळशांना धरतात, आणि तिथे एखाद-दुसरे अमिनो आम्ल बदलले तरी विषाणूचे काम अडत नाही, प्रतिपिंडांची पकड मात्र सुटते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते.

गोवराच्या पृष्ठप्रथिनांना अशी मोकळीक नाही. प्रयोगशाळेत त्यांत जागोजाग छोटे तुकडे घुसवून पाहिले, तेव्हा विषाणू तगला नाही. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनने मात्र असे काही बदल सहज पचवले. शिवाय गोवराविरुद्धची प्रतिपिंडे एकाच वेळी अनेक ठिकाणी पकड घेतात, त्यामुळे एक जागा बदलून सुटका होत नाही, आणि सगळ्या जागा एकदम बदलूनही पेशीत शिरण्याची क्षमता शाबूत राहणे जवळपास अशक्य आहे. गोवराचे वीसहून अधिक जनुकीय प्रकार नोंदले गेले आहेत, म्हणजे विषाणू बदलतो हे खरेच. पण त्या सर्वांवर तीच लस चालते.

भीमाकाठ:
वरील उत्तरात एक भर घालतो. फ्लूच्या ‘अ’ प्रकाराचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले, तर नवे कण बांधले जाताना हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि मानवी शरीराने कधी न पाहिलेला विषाणू एका फटक्यात तयार होऊ शकतो. २००९ चा स्वाइन फ्लू डुकरांमधील विषाणूंच्या अशाच सरमिसळीतून आला. भारतातील त्याचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, आणि नंतरचे काही आठवडे शहराने कसे काढले ते पुणेकरांना सांगायला नको. गोवराचा जनुकसंच अखंड आहे, आणि माणसाबाहेर त्याला कायमचा आसरा नाही. फ्लूला रानबदकांपासून डुकरांपर्यंत अनेक घरे आहेत.

जाईजुई:
दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारते. विषाणू इतका स्थिर असेल, तर गोवर येऊन गेल्यावर मुले कित्येक महिने इतर आजारांनी का बेजार होतात?

सूक्ष्मदर्शी:
कारण तो ज्या पेशींत वाढतो त्या पेशी. गोवराचा विषाणू रोगप्रतिकारक पेशींवरील ‘स्लॅम’ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि पूर्वीच्या रोगांची स्मृती जपणाऱ्या पेशींवर हे प्रथिन असते. लसीकाग्रंथींत वाढून तो रक्तावाटे शरीरभर पोहोचतो, मग श्वसनमार्गाच्या पेशींत आतल्या बाजूने, ‘नेक्टिन-४’ या दुसऱ्या प्रथिनाच्या आधारे, शिरतो आणि खोकल्यावाटे बाहेर पडतो. अंगावरचे पुरळ हे बाधित पेशींवर प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्याचे चिन्ह असते. ती फार क्षीण असलेल्या रुग्णात पुरळ न उठताही गोवर जिवावर बेतू शकतो. या सगळ्यात स्मृतिपेशी मोठ्या संख्येने मरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तात गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडेही बरीच घटलेली आढळली. लशीतील क्षीण केलेल्या विषाणूने असे होत नाही.