राजीनाम्यावर सही करू देऊ नका

ताई, अपघातात पाय गेल्यावर तुमच्या भावाकडे सरकारी ऑफिस राजीनामा मागतंय आणि इथे काहीजण ‘वकील परवडणार नाही, सोडा’ म्हणताहेत. मला नाही पटत. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४): नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद. ते रिकामं नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे त्याच्यासाठी तयार केलेलं जादा पद. (एकदा ‘स्वेच्छेने’ सही केली की भांडणं फार अवघड.) आधी ऑफिसातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००.