प्रति: घशात घास अडकल्यास पोटावर दाब देण्याबद्दल

घशात घास अडकलेल्या माणसाच्या पोटावर दाब देऊन तो बाहेर काढण्याची पद्धत घरातील प्रत्येकाने शिकून घ्यावी, असे या चर्चेत आधी मांडले गेले आहे आणि ते मला मान्य आहे. मात्र ही पद्धत एक वर्षाखालील बाळासाठी नाही, ही गोष्ट या चर्चेत अद्याप आलेली नाही. त्या वयात पोटावर दाब दिल्यास यकृतासारख्या अवयवांना इजा होऊ शकते. बाळाला आपल्या हातावर पालथे घेऊन, जबडा बोटांनी आधारून आणि डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने 5 थापा द्याव्यात. तेवढ्याने अडकलेली वस्तू निघाली नाही, तर बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 5 वेळा दाब द्यावा आणि हाच क्रम चालू ठेवावा. बाळ जोराने खोकत किंवा रडत असेल, तर यातले काहीही करू नये. ते बेशुद्ध पडले, तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करावा आणि दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करावा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, कारण ती आणखी आत सरकू शकते.

आमच्या जुळे सोलापुरातील सोसायटीत झालेल्या प्रशिक्षणात सरावासाठी फक्त मोठ्या माणसाचा पुतळा होता. शेजारच्या आजींनी नातवाबद्दल विचारले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी उशी गुंडाळून थाप नेमकी कुठे द्यायची ते दाखवले. आपल्याकडे घरोघरी शेंगा भाजल्या जातात आणि खाली पडलेला दाणा रांगणारे मूल सहज तोंडात घालते. त्यामुळे प्रशिक्षण ठरवताना बाळाचा पुतळा आणण्याची मागणी आयोजकांकडे आधीच करावी.