मदत हवी आहे: बीसीत फिलर म्हणून चुना किती घालावा? डांबर कडक होतंय

नमस्कार मंडळी,
सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एका रस्त्याच्या वरच्या थराचं, म्हणजे बीसीचं (बिटुमिनस काँक्रीटचं), मिक्स डिझाइन सध्या माझ्याकडे आहे. डांबर व्हीजी-३० प्रतीचं, खडी जवळच्याच खाणीतली काळ्या दगडाची. पाऊस तिथे मुसळधार.

फिलर म्हणून, म्हणजे खडीमधल्या फटी भरणारी बारीक पूड म्हणून, आधी नुसती दगडाची भुकटी धरली होती. मार्शल चाचणीचे (मिश्रणाच्या मजबुतीचे) आकडे उत्तम आले, पण नमुने पाण्यात ठेवून ताणशक्ती तपासली तर टीएसआर (भिजलेल्या नमुन्याची ताणशक्ती कोरड्याच्या किती टक्के उरते ते) ८०च्या खाली. बेसाल्टला डांबर एरवी चांगलं धरतं. मला संशय आहे तो खडीला चिकटलेल्या बारीक मातकट धुळीचा. खाणीच्या वरच्या भागात दगड कुजलेला आहे.

मोर्थच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या) तरतुदीप्रमाणे मग एकूण खडीच्या वजनाच्या २% विरलेला चुना घेतला. टीएसआर ८०च्या वर गेला. पण मिश्रण कोरडं दिसायला लागलं, दाबाई जड जाऊ लागली. माझ्या समजुतीप्रमाणे चुन्याच्या कणांमध्ये पोकळ जागा जास्त असते, त्यात बरंच डांबर अडकून पडतं आणि खडीला वंगण म्हणून मोकळं डांबर कमी उरतं. ०.०७५ मिमीखालचा माल आणि प्रभावी डांबर (खडीत शोषलं न गेलेलं) यांचं गुणोत्तर ०.६ ते १.२ मध्ये बसतंय, तरीही हे होतंय. म्हणजे फक्त गुणोत्तर पाहून भागत नाही.

दुसरी काळजी प्लांटची. लॅबमध्ये मी चाळलेली भुकटी वापरतो, प्लांटवर बॅग फिल्टरची (धुरातली धूळ अडवणाऱ्या पिशव्यांची) धूळ परत मिक्समध्ये जाते आणि ती कितीतरी बारीक असते. चुन्याच्या जोडीला तीही आली तर मॅस्टिकचा (डांबर आणि फिलर यांच्या लगद्याचा) सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, आणखी चढेल आणि हिवाळ्यात थराला भेगा पडतील, अशी भीती वाटते.

चुना १% वर आणून सोबत अमाइनचं अँटी-स्ट्रिपिंग द्रव्य (पाण्याने डांबर खडीवरून सुटू न देणारं रसायन) घ्यावं का? चुना डांबरातल्या आम्लांना धरतो, अमाइनही त्यांच्याशीच जोडलं जातं, मग दोन्ही एकत्र असताना एकाचा परिणाम मारला जातो का? शिवाय गरम टाकीत डांबर फार वेळ राहिलं की अमाइनचा जोर ओसरतो, आणि आमचा प्लांट साइटपासून लांब आहे.

चुना कोरडा टाकता की ओलसर खडीवर मुरवून? बॅग फिल्टरची धूळ किती परत घेता? कोकण-घाटात काम केलेल्यांनी कृपया तपशिलात लिहा. पेव्हर (रस्त्यावर मिश्रण पसरणारं यंत्र) लागण्याआधी डिझाइन पक्कं करायचं आहे.